अप-डाउनवाल्यांचा हिशेब कोण करणार?

धामनोदहून रोज सकाळी किती माणसे महेश्वर, धार, महू, पीथमपूर आणि इंदूरकडे निघतात, ती किती वाजता परततात आणि त्यांची वाहने दिवसभर कुठे उभी असतात? हे विचारल्याशिवाय या भागात विजेच्या गाड्यांची चार्जिंग केंद्रे कुठे असावीत हे ठरवता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आज मात्र उलटे चालले आहे. नकाशावर महामार्गाची रेघ आहे, तिच्यावर ठराविक अंतराने खुणा करायच्या, प्रत्येक खुणेवर एक यंत्र उभे करायचे आणि फीत कापायची. याला नियोजन म्हणतात. आम्ही याला फक्त मोजपट्टी म्हणू.

हा विषय समाजाच्या पत्रिकेत कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांना आमचे उत्तर असे. होळकरांबरोबर आणि धार-देवासच्या पवारांबरोबर आलेली आपली घराणी माळव्यात आणि निमाडात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. आपण इथले पाहुणे नाही. इथल्या रस्त्याचा, पाण्याचा, विजेचा प्रश्न हा आपलाही प्रश्न आहे. दुसरे असे की आपल्या समाजात अप-डाउन करणारे फार आहेत. मास्तर आहेत, बँकेतले कारकून आहेत, कारखान्यातले सुपरवायझर आहेत, दवाखान्यातल्या सिस्टर आहेत. घर धामनोदला, महेश्वरला किंवा धारला, नोकरी दुसरीकडे. रोडवेजच्या बसेस होत्या तोवर निदान एक सरकारी गाडी ठरल्या वेळी यायची. मध्यप्रदेश राज्य मार्ग परिवहन निगमाचा कारभार २००५ साली गुंडाळला गेला आणि तेव्हापासून ज्याने त्याने आपापली सोय पाहिली. कुणी खासगी बसला लोंबकळतो, कुणी चौघे मिळून एक कार काढतो, बाकीचे मोटरसायकलवर. धामनोदला रेल्वे आजही नाही. इंदूर-मनमाड मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, पण रेल्वे येईपर्यंत आपले सगळे आयुष्य आग्रा-मुंबई रस्त्यावरच आहे. त्या रस्त्यावरच्या गाड्या पुढे विजेवर चालणार असतील, तर ती वीज कुणाच्या सोयीने मिळणार हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

वीस किलोमीटरची मोजपट्टी

सरकारी कागद काय सांगतात ते आधी पाहू. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ च्या डिसेंबरात चार्जिंग केंद्रांसाठी पहिल्या सूचना काढल्या. पुढच्या वर्षी त्या सुधारल्या. शहरात तीन किलोमीटर लांब-रुंद चौकोनात निदान एक केंद्र, महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक, आणि लांब पल्ल्याच्या व अवजड गाड्यांसाठी दर १०० किलोमीटरला जलद चार्जिंग, असे त्यांचे स्वरूप होते. सप्टेंबर २०२४ च्या सूचनांत महामार्गावरचे अंतर २५ वरून २० वर आणले. मध्यप्रदेशाचे २०२५ चे विद्युत वाहन धोरणही हीच भाषा बोलते. भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर आणि उज्जैन ही त्यातली आदर्श शहरे. धार नाही, देवास नाही. धामनोदचा तर प्रश्नच नाही.

पैशाचेही तसेच. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत, सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,९०० कोटींपैकी २,००० कोटी चार्जिंगसाठी ठेवले आहेत. रक्कम लहान नाही. पण प्राधान्य कुणाला? दहा लाखांवरच्या शहरांना, राजधान्यांना, स्मार्ट शहरांना आणि मोठ्या वाहतुकीच्या महामार्गांना. म्हणजे धामनोद या हिशेबात आले तरी गाव म्हणून येत नाही, महामार्गावरचा एक टप्पा म्हणून येते. मुंबईहून इंदूरला जाणारा प्रवासी वीस मिनिटे थांबेल, चहा पिईल, गाडी भरेल आणि निघून जाईल. त्याची सोय झाली याचा आम्हाला आनंद आहे. पण ज्याच्या गावाच्या नावावर हे केंद्र मोजले गेले, त्याच्या पदरात काय पडले?

टोलनाक्यावर किती गाड्या गेल्या ते फास्टॅगमुळे एका क्षणात कळते. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, त्यामुळे ही माहिती सरकारजवळ भरपूर आहे. तिच्यातून महामार्गावरून जाणारा कळतो. पण धामनोदहून महेश्वरला बारा-पंधरा किलोमीटर जाणारी शिक्षिका कुठल्या नाक्यावर नोंदली जाते? धरमपुरीहून धामनोदच्या मंडीत येणारा मुनीम कुठे दिसतो? दुचाकीला तर टोलच नाही, म्हणून तिची मोजणीही नाही. आणि २०२४ साली देशात विकल्या गेलेल्या विजेच्या वाहनांत निम्म्याहून अधिक दुचाकी होत्या. कारचा वाटा दहातल्या एकालाही पोचत नव्हता. जे वाहन सर्वांत जास्त, त्याचा विचार सर्वांत कमी.

एक गोष्ट आणखी. २०११ च्या जनगणनेत सरकारने लोकांना कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले होते. म्हणजे हा प्रश्न सरकारला सुचत नाही असे नाही. त्यानंतर पीथमपूर वाढले, महामार्ग चौपदरी झाला, घरोघरी गाड्या आल्या, आणि पुढची जनगणना २०२७ ची. तोपर्यंत पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर किंवा निव्वळ मोजपट्टीवर केंद्रे उभी राहणार असतील तर ते आम्हाला मान्य नाही.

गाडी धावते थोडी, उभी राहते फार

पेट्रोलची सवय आपल्या डोक्यात इतकी भिनली आहे की चार्जिंग म्हटले की पंप डोळ्यासमोर येतो. गाडी न्यायची, भरायची, पाच मिनिटांत निघायचे. विजेच्या गाडीचे तसे नाही. ती भरायला वेळ घेते. पण तो वेळ आपला जात नाही, गाडी नाहीतरी उभीच असते. धामनोदहून इंदूरला रोज जाणारा माणूस रस्त्यावर तीन-चार तास असतो. उरलेले वीस तास त्याची गाडी कुठेतरी उभी असते. रात्री घरापाशी आणि दिवसा कामाच्या ठिकाणी. मग चार्जिंग कुठे हवे? जिथे ती उभी राहते तिथे.

आकडे मांडून पाहू. धामनोद ते इंदूर साधारण पाऊणशे किलोमीटर. जाऊन-येऊन दीडशे. मध्यम आकाराची कार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते असे धरले तर दिवसाला २२ ते २५ युनिट लागतील. घरातल्या गीझरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमधून ३.३ किलोवॅट वीज घेता येते. आठ तासांच्या ड्युटीत तेवढ्यावर २६ युनिट भरतात. म्हणजे या भागातला सर्वांत लांबचा अप-डाउन करणारासुद्धा ऑफिसच्या भिंतीवरच्या एका साध्या सॉकेटवर भागवू शकतो. महेश्वरला स्कूटरवर जाणाऱ्या बाईंना तर दिवसाला एक युनिटच्या आसपास पुरते. त्यांना साठ किलोवॅटचे यंत्र काय करायचे आहे?

साठ किलोवॅटचा एक जलद चार्जर एका वेळी एका गाडीला पूर्ण ताकदीने वीज देतो. तेवढ्याच लोडमध्ये ३.३ किलोवॅटची अठरा सॉकेट चालतात. जलद चार्जरला वेगळी डीपी लागते, जाड केबल लागते, लाखो रुपये लागतात आणि तो बिघडला तर मेकॅनिक बाहेरून येतो. सॉकेट बिघडले तर आपल्या गल्लीतला वायरमन दुरुस्त करतो. हलक्या वाहनांच्या चार्जिंगसाठी साधा देशी चार्जर ३,५०० रुपयांच्या आत बसावा, असे उद्दिष्ट केंद्र सरकारच्याच संस्थांनी २०२१ साली जाहीर केले होते. त्या दिशेने महामार्गाइतका जोर का लागला नाही? कारण भिंतीवरच्या सॉकेटसमोर उभे राहून फोटो चांगला येत नाही.

विजेच्या दराचा हिशेबही हेच सांगतो. २०२४ च्या सूचनांप्रमाणे चार्जिंग केंद्राला सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळेत वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दराने मिळावी आणि बाकीच्या वेळी १.३ पट दराने. म्हणजे संध्याकाळची वीज दिवसाच्या पावणेदोन पटीहून महाग. कारण उघड आहे. दिवसा सूर्याची वीज भरपूर असते. आपल्या नर्मदेवरच ओंकारेश्वरच्या जलाशयात तरंगत्या सौर पट्ट्या २०२४ पासून वीज देत आहेत. संध्याकाळी मात्र घराघरातले दिवे, पंखे, कूलर एकदम लागतात. मग दिवसा ९ ते ४ अप-डाउनवाल्यांच्या गाड्या कुठे असतात? पीथमपूरच्या कारखान्यांच्या आवारात, देवासच्या औद्योगिक भागात, तहसील कचेरीत, कॉलेजात, सरकारी दवाखान्यात, मंडीत. स्वस्त वीज आणि उभी गाडी या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी आहेत. फक्त मधली वायर नाही.

देवासचे चित्र धामनोदहून वेगळे आहे, म्हणून एकच साचा सगळीकडे चालणार नाही. देवास-इंदूर अंतर चाळीस किलोमीटरच्या आत. तिथे ये-जा दोन्ही बाजूंनी आहे. देवासची माणसे इंदूरला नोकरीला जातात आणि इंदूरची माणसे देवासच्या कारखान्यांत येतात. रोजची धाव कमी, रस्ता सपाट, गाडी घरच्या मीटरवर भरून निघाली तरी दोन-तीन दिवस पुरावी. तिथे वाटेवर केंद्रांची रांग लावण्यापेक्षा कारखान्यांच्या स्टाफ-बसेस आधी विजेवर आणाव्यात. त्यांचा रस्ता ठरलेला, वेळ ठरलेली, आणि दोन शिफ्टच्या मध्ये त्या आवारातच उभ्या असतात. पीथमपूरच्या बसेसचेही तसेच. धार जिल्ह्यातल्या याच पीथमपुरात देशाचा वाहन-चाचणी मार्ग नॅट्रॅक्स आहे. त्याच्या सव्वाअकरा किलोमीटरच्या वेगवान मार्गाचे २०२१ साली उद्घाटन झाले. बसेस आणि ट्रक बनवणारे कारखानेही तिथेच. ज्या जिल्ह्यात गाड्या बनतात आणि त्यांची परीक्षा होते, त्या जिल्ह्यातल्या नोकरदाराला गाडी भरायला सॉकेट मिळू नये, याला काय म्हणावे?

घाटाचा हिशेब

आता महामार्गाचे बोलू. महामार्गावर जलद चार्जर नकोत असे आम्ही म्हणत नाही. ते हवेतच. पण तेही मोजपट्टीने लावायचे नाहीत, रस्त्याचा स्वभाव पाहून लावायचे.

धामनोद निमाडात, घाटाच्या पायथ्याशी आहे. महू-इंदूर माळव्याच्या पठारावर. दोन्हींत सुमारे चारशे मीटर उंचीचा फरक आहे. खलघाटहून नर्मदा ओलांडून येणारी गाडी धामनोद, गुजरी करत घाट चढते आणि मानपूरला वर निघते. माणसांसह सतराशे-अठराशे किलोची कार चारशे मीटर वर चढवायला सुमारे दोन युनिट वीज जादा लागते, म्हणजे सपाटीवरचे बारा-चौदा किलोमीटर. चाळीस टनांच्या भरलेल्या ट्रकला निव्वळ चढण्यासाठी चव्वेचाळीस युनिट. यात इंजिनाची, टायरची घट धरलेली नाही. म्हणून इंदूरकडे जाणाऱ्या बाजूला, घाटाच्या खाली, धामनोदच्या आसपास चार्जिंग असणे हा सोयीचा नव्हे, गरजेचा भाग आहे.

उतरणीला गोष्ट बरोबर उलटी होते. विजेची गाडी उतारावर मोटरनेच वेग रोखते आणि त्यातून बॅटरी थोडी भरून घेते. पण बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ती वीज जायला जागा राहत नाही, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. म्हणजे घाटाच्या माथ्यावर गाडी पूर्ण भरून खाली सोडणे हे पैशाच्या दृष्टीने वाया आणि ब्रेकच्या दृष्टीने वाईट. आणि हा घाट कोणता आहे? गणपती घाट! ब्रेक फेल झालेल्या ट्रकांनी इथे किती घरे उजाड केली ते धामनोदच्या माणसाला सांगायला नको. वर्षानुवर्षे ओरड झाल्यावर २०२४ च्या अखेरीस उतरणीसाठी नवा, कमी उताराचा रस्ता सुरू झाला. आधी माणसे मेली, मग रस्त्याचा उतार मोजला गेला. चार्जिंगच्या बाबतीत तरी मोजणी आधी व्हावी.

तसेच निमाडचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात तापलेल्या बॅटरीला जलद चार्जिंग हळू करावे लागते. यंत्रावर पत्र्याचे छप्पर नसेल, बसायला सावली नसेल, प्यायला पाणी नसेल, तर ते केंद्र चार महिने नावापुरते. अहिल्यादेवींनी महेश्वरला राहून देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. त्या तीर्थांच्या ठिकाणी, जिथे यात्रेकरू खरोखर थांबत होता, उतरत होता, तिथे बांधल्या. म्हणून त्यांतल्या कितीतरी आजही वापरात आहेत. २०२५ साली त्यांची त्रिशताब्दी आपण थाटाने साजरी केली. त्यांच्या कामातली ही एक साधी गोष्ट आजच्या नियोजनकर्त्यांनी घेतली तरी पुष्कळ झाले.

वाड्यात राहणाऱ्याने काय करायचे?

घरी चार्ज करा, असे सांगणे सोपे आहे. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दहापैकी जवळजवळ नऊ नव्या कार विजेच्या होत्या, आणि तिथले बहुतेक लोक रात्री घरीच गाडी भरतात. आपल्या सरकारनेही घरच्या किंवा ऑफिसच्या मीटरवर गाडी भरायला मोकळीक दिली आहे. पण नॉर्वेतल्या माणसाच्या घरासमोर गाडी लावायला जागा असते. धारच्या, देवासच्या, महेश्वरच्या जुन्या बस्तीत आपले वाडे आहेत. गल्लीत दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावी लागते. कार उभी राहते ती चौकात किंवा देवळामागच्या मैदानात, घरापासून दोनशे पावलांवर. दुसऱ्या मजल्यावरून गल्लीपार वायर टाकून गाडी भरायची का? पावसाळ्यात ते मरणाला आमंत्रण आहे.

त्यात मीटरचा प्रश्न. वाडा सामायिक, चार भावांच्या चार चुली, आणि मीटर आजोबांच्या नावावर. एकाने गाडी लावली की बिल कुणी भरायचे यावरून दिवाळीत अबोला. भाडेकरू असेल तर त्याला वेगळे मीटर नाही. जुन्या वाड्यांचे वायरिंग तीस-चाळीस वर्षांचे, अर्थिंगचा पत्ता नाही. अशा घरातल्या माणसाने विजेची गाडी घ्यायचीच नाही असे धोरणाला म्हणायचे आहे का? ज्याच्याजवळ इंदूरच्या नव्या कॉलनीत बंगला आणि पोर्च आहे त्याला घरची स्वस्त वीज, आणि ज्याने जुने घर टिकवून धरले त्याला महामार्गावरची महाग वीज, हा न्याय आम्हाला पटत नाही.

उपाय अवघड नाही. नगर परिषदेचे मैदान, शाळेचे आवार, बस स्टँडची जागा रात्री मोकळी असते. तिथे मीटर असलेली दहा-वीस सॉकेट लावावीत, एक चौकीदार असावा, रात्री गाडी लावून सकाळी न्यावी. ई-रिक्षावाल्यांनाही त्याचा उपयोग होईल. ही माणसे आज कुठे, कशी गाडी भरतात ते पाहिले तर अंगावर काटा येतो.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येतो की आधी गाड्या येऊ द्या, मग सॉकेट लावू. हे म्हणजे विहीर नाही म्हणून गावात कुणी राहू नये आणि गावात कुणी राहत नाही म्हणून विहीर खोदू नये. माणूस गाडी घेताना एकच विचारतो, भरायची कुठे? याचे उत्तर कामाच्या ठिकाणी तयार असेल तर तो घेईल. आणि सॉकेटच्या बाबतीत चूक झाली तरी नुकसान किती? महामार्गावरचे साठ किलोवॅटचे यंत्र बंद पडून राहिले तर लाखो रुपये धूळ खातात. सॉकेट रिकामे राहिले तर त्यावर कूलर चालेल.

दुसरा आक्षेप असा की हे काम कंपन्यांवर सोडावे, बाजार आपोआप जागा शोधेल. बाजार जागा शोधतोच, पण जिथे गर्दीचा पैसा आहे तिथे. चार्जिंगचा धंदा करायला वीज विक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्राने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केले. तरी धामनोदच्या जुन्या बस्तीत यायला कुणी धावत आले नाही. आले ते महामार्गावर. आणि तिथेही प्रत्येकाचे अ‍ॅप वेगळे, प्रत्येकात आधी पैसे भरून ठेवायचे, प्रत्येकाचा दर निराळा. जुन्या देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती होती. एकाच गावात दोन दरबार, दोन कारभार. आता प्रत्येक चार्जरची एक पाती झाली आहे. साठीच्या घरातल्या माणसाने फोनवर चार-पाच अ‍ॅप ठेवून, ओटीपीची वाट पाहत उन्हात उभे राहायचे, आणि शेवटी यंत्रावर बंद असल्याचा लाल दिवा पाहायचा! पेट्रोल पंपावर असे चालले असते का?

आमच्या मागण्या

आम्ही नुसती टीका करून थांबत नाही. पुढील मागण्या आम्ही जिल्हा प्रशासन, नगर परिषद, विद्युत कंपनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवत आहोत.

१. नवी जागा ठरवण्याआधी धामनोद, महेश्वर, धार आणि देवास येथे वॉर्डवार पाहणी व्हावी. कुठून कुठे, किती किलोमीटर, कोणत्या वाहनाने, दिवसा आणि रात्री वाहन कुठे व किती तास उभे, एवढेच प्रश्न. निष्कर्ष नगर परिषदेच्या फलकावर लावावेत.

२. तहसील कचेरी, सरकारी दवाखाना, कॉलेज, मंडी आणि बस स्टँड येथे मीटर असलेली साधी सॉकेट आधी लावावीत. सरकारी जागेत, सर्वांसाठी खुल्या असलेल्या चार्जिंगला केंद्राच्या योजनेत पूर्ण अनुदानाची तरतूद आहे. ती मागायला अर्ज लागतो. तो अर्ज धामनोदच्या नावाने जावा, महामार्गाच्या नावाने नव्हे.

३. पीथमपूर आणि देवास येथील कारखान्यांच्या पार्किंगमध्ये दिवसा ९ ते ४ स्वस्त दराने कामगारांना गाडी भरता यावी. स्टाफ-बसेस टप्प्याटप्प्याने विजेवर याव्यात.

४. महामार्गावर धामनोदच्या बाजूला, घाट चढण्याआधी, कार आणि ट्रक दोन्हींसाठी जलद चार्जिंग असावे. छप्पर, पाणी आणि शौचालय यांच्याशिवाय त्याला केंद्र म्हणू नये.

५. जुन्या बस्तीसाठी रात्रीच्या सामायिक चार्जिंगची जागा नगर परिषदेने ठरवावी.

६. प्रत्येक केंद्रावर दर मोठ्या अक्षरात लिहावा, रोख किंवा साध्या यूपीआयने पैसे घ्यावेत, आणि महिन्यात किती दिवस यंत्र बंद होते ते जाहीर करावे.

या मागण्यांत जगावेगळे काही नाही. महाराष्ट्राने २०२५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या कारना टोल माफ केला. चांगलेच केले, आपल्यापैकी जे नाशिक-पुण्याकडे जातात त्यांना कधीमधी उपयोग होईल. पण वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रवासाच्या सवलतीपेक्षा वर्षातून अडीचशे दिवस होणाऱ्या अप-डाउनची सोय आम्हाला जास्त मोलाची वाटते.

समाजबांधवांना आणि भगिनींना आमची विनंती आहे. पाहणी सरकार करील तेव्हा करील, आपण आपल्यापासून सुरुवात करू. या अंकासोबत एक पान जोडले आहे. त्यावर आपल्या घरातल्या प्रत्येक अप-डाउन करणाऱ्याची माहिती भरून गणेशोत्सवाच्या आत वॉर्डातल्या कार्यकर्त्याकडे द्यावी. नाव लिहिण्याची गरज नाही. अंतर, वेळ आणि वाहन उभे राहण्याची जागा पुरे. शेजारच्या घरातलीही माहिती घ्यावी, मग ते घर कुठल्याही भाषेचे असो, कारण रस्ता सगळ्यांचा एकच आहे. आपल्या मंडळाच्या सभागृहामागची जागा रात्री रिकामी असते. तिथे मीटर लावून पहिली सहा सॉकेट आपणच बसवावीत, असा प्रस्ताव येत्या बैठकीत मांडला जाईल. ज्यांना इलेक्ट्रिकच्या कामाची माहिती आहे त्यांनी त्या बैठकीला अवश्य यावे.

आणि निवडणुकीच्या वेळी पार्षदपदाचे उमेदवार दारात येतील तेव्हा त्यांना एवढेच विचारावे: आमच्या वॉर्डातून रोज किती माणसे अप-डाउन करतात? ज्याला हे सांगता येईल, त्याच्याशी पुढचे बोलू.